सेवा, कैवार आणि चित्र : भारतीय ख्रिस्ती चित्रकलेतील प्रयोजनाचा प्रश्न

१

मराठी समीक्षेच्या शब्दसंग्रहात 'प्रचारकी' या विशेषणाइतके निर्णायक आणि तितकेच सैलपणे वापरले गेलेले दुसरे विशेषण क्वचितच सापडेल. कलाकृतीला हे विशेषण एकदा चिकटले, की तिचे विश्लेषण करण्याची जबाबदारी संपली असे समीक्षक मानतो. फडके-खांडेकर यांच्या काळातील 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आज कोणी त्या स्वरूपात मांडत नाही. मर्ढेकरांनी त्या वादाची पातळी बदलली आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेकडे लक्ष वेधले. मात्र त्यांच्या सौंदर्यविचाराचे जे सुलभीकरण पुढे रूढ झाले, त्यात प्रयोजन हे कलाकृतीबाहेरचे, म्हणून अशुद्ध, असा समज पक्का झाला. १९७० नंतर दलित साहित्याला हाच आक्षेप ऐकावा लागला. त्या साहित्याने आक्षेपाला पुरेसे सडेतोड उत्तर दिल्यामुळे साहित्यापुरता हा प्रश्न काहीसा निवळला आहे.

चित्रकलेच्या एका शाखेबाबत मात्र तो अजून जसाच्या तसा उभा आहे. चित्र काढणे हेच आपले धर्मसेवेचे कार्य मानणारे काही ख्रिस्ती चित्रकार विसाव्या शतकात भारतात होऊन गेले. मरियेचे वा येशूचे चित्र काढताना त्यांना कोणाची तरी बाजू घ्यायची होती, कोणाचा तरी कैवार घ्यायचा होता, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. परिणामी कलेच्या इतिहासात त्यांना 'धार्मिक चित्रकार' म्हणून एका परिच्छेदात उरकले गेले. चर्चच्या इतिहासात ते 'भारतीयीकरणाचा एक नमुना' म्हणून उल्लेखिले गेले. त्यांची चित्रे चित्रे म्हणून पाहण्याचे काम दोन्हीकडे टळले.

प्रस्तुत निबंधात आंजेलो द फोन्सेका, पी. सॉलोमन राज आणि ज्योती साही या तीन चित्रकारांच्या आधाराने हा प्रश्न तपासण्याचा प्रयत्न आहे. प्रयोजन असणे हा चित्राचा दोष नव्हे आणि गुणही नव्हे, हे येथे गृहीत धरले आहे. प्रयोजन चित्रात कोठे राहते, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. ते केवळ विषयात आणि वेशभूषेत राहिले तर चित्र म्हणजे मजकुराला जोडलेली आकृती ठरते. रेषा, अवकाश, शरीराची ठेवण आणि माध्यम यांत ते उतरले, तर सेवा आणि कला यांना एकमेकींपासून वेगळे काढता येत नाही.

२

या प्रश्नाचे भारतातील मूळ फार मागे जाते, आणि मराठी वाचकाला ते आपल्याच भाषेच्या इतिहासात शोधता येते. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. ग्रंथ रोमन लिपीत छापला असला, तरी छंद ओवीचा आहे, रचनेचा आदर्श पुराणाचा आहे, आणि मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आजही पाठ्यपुस्तकांतून वाचल्या जातात. ख्रिस्ताची कथा येथील माणसाला येथील छंदात सांगता येते, एवढी गोष्ट सतराव्या शतकाच्या आरंभीच मान्य झाली होती.

चित्राला आणि मूर्तीला हा अधिकार मिळाला नाही. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती उपासनेच्या वस्तू व प्रतिमा हिंदू कारागिरांकडून घडवून घेण्यास मनाई केली होती. व्यवहारात ही मनाई पूर्णपणे पाळली गेली नाही. हस्तिदंतात कोरलेला, डोंगरावर बसलेला बाल मेंढपाळ येशू हा सतराव्या शतकातील गोव्याचा प्रसिद्ध नमुना पाहिला, तर त्या मिटल्या डोळ्यांत आणि डोंगराच्या थरांत भारतीय हाताची ओळख पटते. परंतु हे कारागिराच्या हातून नकळत घडले. नाव नसलेल्या माणसाने, परवानगी नसताना, आपल्या हाताची सवय तेथे सोडली. पुढे १७३६ मध्ये धर्मन्यायसभेने जो विस्तृत जाहीरनामा काढला, त्यात नवख्रिस्ती लोकांच्या कितीतरी देशी चालीरीतींवर बंदी आली. पेहरावही त्यातून सुटला नाही. पुरुषांचे पुडवें आणि बायकांची चोळी हे आता श्रद्धेच्या परीक्षेचे विषय झाले.

ओवीला जे मिळाले ते प्रतिमेला का मिळाले नाही? ओवी कानाने ऐकली जाते, तिचा अर्थ उपदेशक लावून देतो आणि ती विरून जाते. प्रतिमा वेदीवर राहते. तिच्यापुढे गुडघे टेकले जातात. भाषा हे श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे साधन मानले गेले, त्यामुळे ती देशी असण्याला हरकत नव्हती. प्रतिमेने मात्र देवाचे रूप ठरणार होते, आणि ते रूप राज्यकर्त्याच्या रूपासारखे असणे सत्तेच्या सोयीचे होते. भाषेचाही हा अधिकार फार काळ टिकला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीही क्रिस्तपुराण मागे उरले. चित्राच्या क्षेत्रात त्याला समांतर असे काही घडण्यासाठी आणखी तीनशे वर्षे जावी लागली.

३

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावरच्या गावी झाला. वैद्यकाचा अभ्यास सोडून ते चित्रकलेकडे वळले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधील युरोपीय वळणाच्या शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. ते बंगालमध्ये गेले आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. गोव्यातील उच्चवर्गीय कॅथलिक घराण्यातील मुलाने लिस्बनकडे न पाहता शांतिनिकेतनकडे पाहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

गोव्यात परतल्यावर त्यांनी साडीतील मरिया चितारली, आणि स्थानिक चर्चमंडळींत व समाजात तिच्याविरुद्ध तीव्र नाराजी उमटली. फोन्सेका यांनी गोवा सोडला आणि पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात आश्रय घेतला. १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचे बहुतेक काम या शहरात झाले.

या आश्रमाची परंपरा लक्षात घेण्यासारखी आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मोपदेशकाने १९२२ मध्ये अहमदनगर भागात संघाची स्थापना केली आणि पुढे तो पुण्यात आला. १९२७ मध्ये व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघात. विन्स्लो यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा प्रभाव होता. १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' स्थापन करणाऱ्या टिळकांनी अभंगाला आणि भजनाला उपासनेत जे स्थान दिले, तेच स्थान चित्राला मिळावे अशी भूमी या आश्रमात तयार झालेली होती. म्हणून एका गोमंतकीय कॅथलिक चित्रकाराला एका अँग्लिकन आश्रमात जागा मिळाली, यात केवळ व्यक्तिगत औदार्य पाहून चालणार नाही. पंथभेदाची भिंत ओलांडण्याइतकी निकड दोन्ही बाजूंना वाटत होती. कॅथलिकांमध्येही त्यांना समजून घेणारे होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना सातत्याने प्रोत्साहन दिले.

साडीवरचा आक्षेप नेमका कशावर होता, याचा विचार फारसा झालेला नाही. 'साडी हा हिंदू पेहराव' असे त्याचे उघड रूप होते. परंतु गोव्यातील गावडा आणि कुणबी समाजांतील ख्रिस्ती स्त्रिया कापड नेसतच होत्या. शेतात, मिठागरात आणि बाजारात दिसणारी ही स्त्री दर रविवारी प्रार्थनेला येत होती. तेव्हा साडी ख्रिस्ती अंगावर अपरिचित नव्हती. ती अपरिचित होती वेदीवर. वेदीवरील मरियेने सांगायचे होते ते हे, की पवित्रतेचा वर्ण, वेश आणि दर्जा अमुक आहे. साडी नेसलेली मरिया या तिन्ही गोष्टींना हात घालते. १७३६ च्या जाहीरनाम्याने अंगावरून उतरवू पाहिलेले वस्त्र फोन्सेका यांनी देवमातेच्या अंगावर घातले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या चित्रातील कैवाराचा हा गाभा आहे.

येथे आणखी एक मुद्दा स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'ख्रिस्ती सेवाकार्य म्हणून चित्र' असे म्हटले की ते अख्रिस्ती लोकांना धर्मात ओढण्यासाठी असावे, असा संशय आपल्याकडे सहज व्यक्त होतो. फोन्सेका यांच्या चित्रांच्या संबोधनाची दिशा पाहिली, तर हा संशय फार काळ टिकत नाही. ही चित्रे प्रथमतः ख्रिस्ती माणसाशी बोलतात. तुझी श्रद्धा परकी नाही, ती राखण्यासाठी तुला स्वतःच्या शरीराची, रंगाची आणि आईच्या पेहरावाची लाज बाळगण्याचे कारण नाही, असा त्यांचा आशय आहे. वेदीसमोर बसलेल्या माणसाचाच कैवार वेदीवरच्या चित्राने घ्यावा, असे हे कार्य आहे.

आता चित्रांकडे चित्रे म्हणून पाहू. साडी ही फोन्सेका यांच्या कलेतील सर्वांत सहज दिसणारी, म्हणून सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. युरोपीय मरियेला साडी नेसवून तिचे डोळे, हात आणि बसणे तसेच ठेवणारी चित्रे पुष्कळ निघाली. ती कॅलेंडरावर शोभतात. फोन्सेका यांच्या चांगल्या चित्रांत बदल अधिक खोल आहे. पहिली गोष्ट रेषेची. आकाराला छायाप्रकाशाने घनता देण्याऐवजी वाहत्या बाह्यरेषेने तो बांधण्याची रीत त्यांनी नंदलालांकडून आणि त्यांच्यामागच्या अजिंठ्याकडून घेतली. घनता नाहीशी झाली की युरोपीय धार्मिक चित्रातील नाट्यही नाहीसे होते. प्रकाशाचा झोत कोणावर पडत नाही, म्हणून कोणी निवडलेला आणि कोणी अंधारात राहिलेला असा भेद चित्रात उरत नाही. दुसरी गोष्ट रंगाची. अवनींद्रनाथांच्या परंपरेतील पातळ जलरंगांचे थर देऊन, धुऊन, पुन्हा देण्याच्या पद्धतीमुळे आकृती आणि भोवतालचा अवकाश यांतील सीमा मऊ होते. मरिया पार्श्वभूमीवर उभी केल्यासारखी वाटत नाही; ती त्या हवेतली वाटते. तिसरी गोष्ट दृष्टीची. खाली वळलेली नजर आणि अनवाणी पाय हे दोन घटक मिळून पाहणाऱ्याचे स्थान बदलतात. या मरियेकडे मान वर करून पाहावे लागत नाही. ती आपल्या पातळीवर आहे.

हे सारे घटक लयतत्त्वांच्या भाषेतही मांडता येतील, आणि तसे मांडले तरी त्यांतून प्रयोजन वगळता येणार नाही. 'देव आपल्या पातळीवर आला' हे ख्रिस्ती श्रद्धेचे मूळ विधान आहे. ते येथे शीर्षकात सांगितलेले नाही. पाहणाऱ्याच्या मानेच्या कोनात सांगितलेले आहे.

या कलेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. बंगाल संप्रदायाची कोमलता फोन्सेका यांनी जशी स्वीकारली, तशी तिची सुखद धूसरताही स्वीकारली. त्यांच्या चित्रांत शांती विपुल आहे; संताप जवळजवळ नाही. चेहरे अनेकदा इतके आदर्श होतात की ते कोणाचेच राहत नाहीत. त्यांच्या पत्नी आयव्ही यांच्या मुखाकृतीवरून आलेली मरिया अधिक जिवंत वाटते, याचे कारण तेथे एक विशिष्ट स्त्री चित्रकारासमोर होती. त्यांनी भारत शोधला तो बऱ्याच अंशी अजिंठ्याच्या आणि आश्रमाच्या भारतात. ज्या स्त्रीचा पेहराव त्यांनी वेदीवर नेला, तिच्या श्रमाने वाकलेल्या पाठीपर्यंत त्यांची रेषा क्वचितच पोहोचली.

४

फोन्सेका यांच्या संदर्भात फ्रान्सिस न्यूटन सोझा यांचा विचार अटळ ठरतो. १९२४ मध्ये गोव्यातील साळगाव येथे जन्मलेले, १९४५ मध्ये जे. जे. स्कूलमधून काढून टाकले गेलेले, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत अग्रणी असलेले आणि १९४९ मध्ये लंडनला गेलेले सोझा हेही कॅथलिक गोव्याचेच अपत्य. १९५९ चे त्यांचे 'क्रुसिफिक्शन' हे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. काळ्या, काटेरी, फाडून काढल्यासारख्या रेषांचा तो ख्रिस्त सांत्वन करीत नाही. सोझा यांना सेवाकार्य करायचे नव्हते. त्यांचे चर्चशी भांडण होते.

कलेच्या इतिहासाने सोझा यांना मोठे स्थान दिले आणि फोन्सेका यांना दीर्घकाळ विस्मरणात टाकले. यांतील पहिल्या निर्णयाविषयी वाद नाही. दुसऱ्या निर्णयामागचे गृहीतक मात्र तपासले पाहिजे. श्रद्धेशी भांडणारे चित्र आधुनिक, आणि श्रद्धेच्या आत राहून तिला बदलू पाहणारे चित्र परंपरानिष्ठ, असे ते गृहीतक आहे. वस्तुतः गोव्यातील चर्चमंडळींचा रोष फोन्सेका यांच्या शांत मरियेने ओढवून घेतला. बाहेरून केलेला आघात संस्थेला सोसता येतो, कारण तो शत्रूचा म्हणून नोंदवता येतो. आतून, गुडघे टेकून, अत्यंत नम्रपणे केलेली दुरुस्ती सोसणे तिला अधिक जड जाते. संतांच्या अभंगांच्या इतिहासात हीच गोष्ट मराठी वाचकाने पाहिलेली आहे.

चर्चने आपली भूमिका पुढे बदलली. १९५० मध्ये व्हॅटिकनमध्ये मिशनप्रदेशांतील कलेचे मोठे प्रदर्शन भरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज संमत केला, त्यात चर्चने कोणत्याही एका कलाशैलीला स्वतःची शैली म्हणून स्वीकारलेले नाही, हे तत्त्व नोंदवले गेले. फोन्सेका यांनी जे तीन दशके आधी केले होते, त्याला तात्त्विक मान्यता मिळाली. परंतु ज्या क्षणी ती मिळाली, त्याच सुमारास प्रश्नाचे स्वरूप बदलू लागले होते.

५

'भारतीय ख्रिस्त' म्हणजे कोणत्या भारताचा ख्रिस्त? हा प्रश्न १९८० नंतर ख्रिस्ती विचारविश्वात तीव्रतेने पुढे आला. मराठी मातीतून आलेले धर्मचिंतक अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूर येथे शूद्रांच्या ईशविद्येची मांडणी करणारे व्याख्यान दिले, आणि त्यातून दलित ईशविद्येचा प्रवाह सुरू झाला. भारतीय ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक दलित पूर्वपीठिकेचे असताना ख्रिस्ती विचार मात्र वेदान्त, योग आणि आश्रम यांच्याच परिभाषेत का केला जातो, असा निर्मल यांचा आक्षेप होता. १९७२ नंतरच्या दलित पँथरच्या आणि दलित साहित्याच्या महाराष्ट्रात ही जाणीव किती सहज समजण्यासारखी होती, हे वेगळे सांगायला नको.

हा आक्षेप चित्रकलेलाही लागू होत होता. कमळावर बसलेला, पद्मासन घातलेला, भगव्या वस्त्रातील येशू भारतीय होता. परंतु ज्या वस्तीत ख्रिस्ती प्रार्थनाघर होते, त्या वस्तीतला तो नव्हता. एका परकेपणाच्या जागी दुसरे परकेपण आले होते.

आंध्रमधील लुथरन धर्मोपदेशक पी. सॉलोमन राज (१९२१-२०१९) यांचे काम या ठिकाणी महत्त्वाचे ठरते. ते ईशविद्येचे अभ्यासक होते, कवी होते, आणि बाटिक व लाकूडठसे ही त्यांची माध्यमे होती. लूकच्या शुभवर्तमानातील मुक्तीचा आशय त्यांनी बाटिकांच्या मालिकेतून मांडला. चित्राशेजारी स्वतःच्या कविताही ठेवल्या. त्यांच्या ठशांतील येशू विस्थापितांत, भुकेल्यांत, गावकुसाबाहेरच्या माणसांत दिसतो.

येथे विषयापेक्षा माध्यमाची निवड अधिक बोलकी आहे. लाकूडठशात कलावंत जे दाखवायचे नाही ते कोरून काढतो. उरलेला उंच भाग शाई घेतो. पांढरा प्रत्येक ठिपका हा लाकडाला झालेली जखम असतो. छायेच्या मधल्या पायऱ्या तेथे मिळत नाहीत. काळे आणि पांढरे यांत निवड करावी लागते. अन्यायाविषयी बोलताना मऊ धूसरता नको असेल, तर हे माध्यम स्वभावतःच तिला नकार देते. शिवाय ठसा एकदा कोरला की त्याच्या अनेक प्रती निघतात. ते चित्र पुस्तिकेत, भिंतीवर, हातातल्या कागदावर पोहोचते. चित्तप्रसाद यांनी श्रमिकांच्या आणि दुष्काळाच्या चित्रणासाठी लिनोठसा वापरला तो याच कारणाने. अमेरिकेत 'कॅथलिक वर्कर' या वृत्तपत्रासाठी फ्रिट्झ आयखेनबर्ग यांनी कोरलेला, भाकरीच्या रांगेत उभा असलेला ख्रिस्तही याच कुळातला. तेथे ख्रिस्त अन्न वाटत नाही. तो रांगेत आहे. त्याच्या जागेच्या या एका बदलाने दान आणि न्याय यांतील अंतर दिसते, आणि ते समजायला वाचता येण्याचीही गरज पडत नाही.

बाटिकची प्रक्रियाही अशीच अर्थपूर्ण आहे. मेणाने झाकलेला भाग रंग घेत नाही. पण मेणाला तडे जातात आणि त्यांतून रंगाच्या अनियंत्रित रेषा उतरतात. कारागीर तडा टाळू शकत नाही, त्याला तो रचनेत सामावून घ्यावा लागतो. भंगलेल्या माणसांची कथा सांगणाऱ्याने हे माध्यम निवडावे, हे त्या कथेला साजेसे आहे. अर्थात सॉलोमन राज यांची सर्वच चित्रे या उंचीवर राहत नाहीत. काही ठिकाणी कविता चित्राचा अर्थ आधीच सांगून टाकते, आणि मग चित्राला करण्यासारखे काही उरत नाही. उपदेशकाची सवय तेथे चित्रकाराच्या आड येते.

१९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि लंडनमध्ये चित्रकला शिकलेले ज्योती साही यांनी बंगळूरजवळील सिल्वेपुरा येथे कला-आश्रम उभारला. त्यांच्या कार्यात भारतीयीकरणाकडून कैवाराकडे झालेला प्रवास एकाच चित्रकाराच्या हातून घडलेला दिसतो. दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण उपासपटाचे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्व उपवासकाळात वेदीसमोर मोठे वस्त्र टांगण्याची प्रथा होती. शरीराबरोबर डोळ्यांनीही उपवास करावा, अशी त्यामागची कल्पना. भूक आणि रोग यांविरुद्ध काम करण्यासाठी जर्मन कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या 'मिझेरिऑर' या संस्थेने ही प्रथा १९७६ मध्ये नव्याने सुरू केली, आणि त्या मालिकेतील पहिला पट साही यांनी केला. भारतातील चित्रकाराचे चित्र जर्मन प्रार्थनामंदिरांत टांगले गेले. यात एक धोका उघड आहे. गरीब देशाची भूक श्रीमंत देशाच्या भिंतीवर देखण्या रंगांत टांगली गेली, तर पाहणारा दयाळू ठरतो आणि पाहिला जाणारा केवळ दयेचा विषय राहतो. कैवाराच्या कलेला हा धोका सतत असतो. परंतु उपासपटाची घडण या धोक्याला काही प्रमाणात आवर घालते. तो पट वेदी झाकतो. भक्ताला जे पाहायचे आहे ते त्याला दिसत नाही, आणि त्याच्या जागी दूरच्या माणसांचे जग येते. त्या माणसांना ओलांडून वेदीपर्यंत जाता येत नाही, हे विधान कापडाच्या जागेने केलेले आहे.

दुसरे उदाहरण अधिक निर्णायक. ब्रिटनमधील मेथडिस्ट चर्चच्या आधुनिक कलासंग्रहात साही यांचे 'दलित मॅडोना' हे चित्र आहे. दळणकांडणाच्या दगडाची प्रतिमा त्याच्या मुळाशी आहे : खालचा खोलगट दगड आणि त्याच्या पोकळीत बसणारा लहान अंडाकृती दगड. गोव्यात ज्याला रगडो म्हणतात, त्याच जातीचे हे साधन. दक्षिणेत खालच्या दगडाला आई आणि वरच्याला मूल मानण्याचा संकेत आहे. माता आणि बालक यांची युरोपीय चित्रात शतकानुशतके रूढ असलेली रचना येथे या दगडाच्या आकारात बसवली आहे. साडी, कमळ, प्रभावलय यांवर येथे भिस्त नाही. श्रमाचे साधनच रचना झाले आहे.

जात्यावरच्या ओवीची परंपरा जाणणाऱ्या वाचकाला या चित्राचे महत्त्व चटकन कळेल. ओवीची लय दळणाऱ्या हाताच्या फेऱ्यातून येते. विषय देवाचा असला तरी घडण श्रमाची असते. साही यांच्या चित्रात तेच घडले आहे. फोन्सेका यांनी श्रमकरी स्त्रीचे वस्त्र वेदीवर नेले. येथे तिच्या श्रमाचा आकार वेदीवर आला. या दोन चित्रांमधील अंतर हेच भारतीय ख्रिस्ती चित्रकलेने विसाव्या शतकात कापलेले अंतर आहे.

६

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. सेवा आणि कैवार या प्रेरणांनी काढलेली चित्रे एकाच मापाने मोजता येत नाहीत. त्यांत केवळ वेशांतर करणारी चित्रे आहेत, आणि पाहणाऱ्याची जागा बदलणारीही आहेत. पहिल्या प्रकारच्या चित्रांना 'प्रचारकी' म्हणून बाजूला सारणे समजण्यासारखे आहे, परंतु तेथेही खरा दोष प्रचाराचा नसून चित्र अपुरे असल्याचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांना तेच विशेषण लावणे म्हणजे पाहण्याचे टाळणे होय. प्रयोजन काढून टाकले तर फोन्सेका यांच्या मरियेची नजर, सॉलोमन राज यांच्या ठशातील काळे-पांढरे आणि साही यांचा दगड यांपैकी काहीच उरत नाही.

दुसरा निष्कर्ष साहित्याच्या अभ्यासकांसाठी आहे. मराठीत स्टीफन्स, टिळक आणि त्यांच्यानंतरचे ख्रिस्ती साहित्यिक यांचा अभ्यास होतो. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर मराठी गद्याचे भूषण आहे. परंतु ज्या आश्रमी आणि भक्तिपर वातावरणातून हे शब्द आले, त्याच वातावरणातून आलेली चित्रे या अभ्यासात नसतात. पुण्यात राहून मराठी विचारपरंपरेचा अभ्यास करणारे येशूसंघीय विद्वान मॅथ्यू लेडर्ले यांनी भारतातील ख्रिस्ती चित्रकलेच्या शतकांचा आढावा घेणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दिशेने मराठीत पुढे फारसे काम झाले नाही. आयव्ही यांनी जपलेल्या फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेकडे आला. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात त्याआधीच्या शतकांतील कारागिरांचे हस्तिदंती काम पाहता येते. सामग्री उपलब्ध आहे आणि ती महाराष्ट्रापासून दूर नाही.

कागदावरचा जलरंग आणि स्वस्त कागदावरचा ठसा यांना आयुष्य कमी असते. त्यांच्याविषयीचे लेखन निदान त्यांच्याइतके लक्षपूर्वक झाले, तर ज्या माणसांचा कैवार या चित्रांनी घेतला, त्यांच्यापर्यंत ती आणखी काही काळ पोहोचत राहतील. हे काम धर्मश्रद्धेच्या अभ्यासकांवर सोपवून साहित्यसमीक्षेला मोकळे होता येणार नाही. कारण प्रयोजन आणि रूप यांचा संबंध हा तिचाच प्रश्न आहे, आणि दलित साहित्याच्या निमित्ताने त्याचे निम्मे उत्तर तिने शोधलेलेही आहे.